खोली सांग, उल्हास

उल्हास, त्या सकाळी फोनवर तुझं नाव दिसलं, म्हणून उचलल्याबरोबर मी नेहमीसारखंच म्हणालो, "खोली सांग बे." पलीकडे सुनीतावहिनी होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊ, याइच्या छातीत दुखून राह्यलं होतं, आमी याइले यवतमाळले नेऊन राह्यलो होतो. गाडीतच गेले." मी म्हणालो, "बरं." आणि फोन ठेवला. बरं! समोर स्क्रीनवर तू आदल्या संध्याकाळी पाठवलेले आकडे उघडे होते, ते मी पुढे वाचत बसलो. एका आकड्यापुढे तुला विचारायचं म्हणून प्रश्नचिन्हही टाकलं. आई चहा घेऊन आली तेव्हा मी तिला सांगितलं, "उल्हास गेला म्हनते," आणि हे वाक्य माझ्याच तोंडून ऐकल्यावर मी ते प्रश्नचिन्ह पुसून टाकलं.

तुझं तेरावं अजून व्हायचं आहे. लोक भेटतात, म्हणतात, मोठा धक्का बसला असेल तुम्हाला. बसला असेल म्हणजे काय? तो अजून बसतोच आहे. सकाळी दात घासताना डोक्यात एखादी गोष्ट येते, हे उल्हासला सांगू म्हणून मी मोबाइलकडे हात नेतो, आणि पुन्हा पहिल्यापासून कळतं की तू नाहीस. चाळिशीसुद्धा न गाठलेला माणूस. पान नाही, तंबाखू नाही, तांड्यावरून बोरी अरबच्या बाजारापर्यंत पायी जाणारा. मला राग येतो तुझा. खूप राग येतो, आणि का येतो ते मी पुढे सांगणारच आहे, तुला ऐकावं लागेल.

आपण काय काम करत होतो ते तुला सांगायची गरज नाही, पण हे वाचणाऱ्यांत बाभुळगावची आमची मंडळी असतील, तुझ्या तांड्यावरची असतील. माझे बाबा इतकी वर्षं लोकांना सांगत आले की "पोट्टा कॉम्प्युटरचं काहीतरी मोजते." तुझ्याकडे तर साऱ्यांनी ठरवूनच टाकलं होतं की उल्हास मशीन मोजतो. दोन्ही तसं बरोबरच होतं. एक छोटी प्रोग्रामिंगची भाषा आहे. त्या भाषेत लिहिलेलं संगणकाला थेट कळत नाही. मध्ये एक यंत्र लागतं, पण ते लोखंडाचं नसतं, तेही प्रोग्रामचंच बनवलेलं असतं. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. ते लिहिलेलं वाचतं आणि संगणकाकडून करून घेतं. त्या मशीनवर काम करणाऱ्या प्रत्येकाला वाटतं की आपण केलेल्या बदलाने ते जोरात पळायला लागलं. खरंच पळतं का, ते मोजून सांगायचं काम पुण्याच्या त्या छोट्याशा कंपनीने आपल्या दोघांकडे दिलं होतं. "दुसऱ्याच्या आनंदावर पानी टाकाची नौकरी हाये आपली," असं तू म्हणायचास, आणि फार आनंदाने टाकायचास.

आणि आपल्यावर पहिलं पाणी टाकलं ते याडीनं. आठवतं ना? कामाला लागून आपला पहिलाच उन्हाळा. मी बाभुळगावहून तुझ्याकडे तांड्यावर मुक्कामी आलो होतो. मे महिना, बाहेर बघवत नाही असं ऊन, आणि आपण दोघं तुझ्या खोलीत त्या मशीनमधला एक जुना तिढा सोडवत बसलेलो. आदल्या दिवशी बदलाच्या आधीचे आकडे घेतले, दुसऱ्या दिवशी बदलानंतरचे. आकडे बघून तू खुर्चीवरून उठून नाचलास. मी पुण्याला फोन लावला. कंपनीच्या केतकी मॅडमनी सगळ्यांना कळवून टाकलं, कुठून कुठून लोकांची अभिनंदनं आली. तुझी आई, जिला तू याडी म्हणायचास म्हणून मीही याडीच म्हणायला लागलो, ती दारात येऊन उभी राहिली.

"कायले एवढे हासून राह्यले दोघं?"

"याडी, मशीन पळून राह्यलं आपलं!"

"पळनारच ना बेटा. सकाळीच कूलरचं गवत बदलवलं म्या. कशी थंडगार हवा लागून राह्यली."

ती तिच्या मते कूलरबद्दलच बोलत होती. पण तुझा चेहरा असा उतरला की मला आजही हसू येतं. तापलेला संगणक स्वतःला जपायला आपला वेग कमी करतो, हे काय आपल्याला ठाऊक नव्हतं? कॉलेजात शिकलो होतो, परीक्षेत लिहिलं होतं. पण खिडकीतल्या कूलरच्या जुन्या काळ्या पडलेल्या गवतातून गरम वारं येत होतं आणि नव्या गवतातून गार, एवढाच त्या अख्ख्या विजयाचा अर्थ होता. आपण बदल केलेला कोड काढून पुन्हा मोजलं. तरी मशीन तशीच पळाली. पुण्याला पुन्हा फोन करून सांगावं लागलं की मॅडम, ते आम्ही नाही केलं, आमच्या याडीनं केलं. पुढे कित्येक वर्षं पुण्याची मंडळी कोणाचाही संशयास्पद आकडा दिसला की विचारायची, "गवत बदललं का?"

त्या दिवसापासून आपला नियम झाला. आकडे नंतर, आधी खोली. आता कोणी शहाणा म्हणेल की जुनं आणि नवं आलटूनपालटून एकाच बैठकीत मोजावं, म्हणजे खोलीचा प्रश्नच येत नाही. हे शहाणपण आपल्यालाही होतं. पण आपली पूर्ण मोजणी अर्धा दिवस खायची, आणि आपल्याकडची लाइट काय अर्धा दिवस सलग राहणारी आहे? म्हणून आज जुनं, उद्या नवं, आणि खोली तीच ठेवायची. फोनवर मी विचारायचो, खोली सांग. तू सांगायचास: कूलर खिडकीत, लाइट मेनवर, इन्व्हर्टर बंद, दार लोटलेलं, याडी ओट्यावर. मग तू विचारायचास आणि मी सांगायचो. यांतलं एक जरी बदललं तरी आकडे फेकून द्यायचे, वाद नाही घालायचा.

याडी ओट्यावर, हे त्यात कशाला हवं, असं मी एकदा विचारलं होतं. तू म्हणालास, "ते अंदर आली की पंखा लावते लेका, मंग व्होल्टेज पडते." तेव्हापासून मीही माझ्या आईबाबांना खोलीत धरायला लागलो. आज वाटतं, किती मोठी गोष्ट होती ती. तुझ्या घरी गाय व्याली ते मला खोलीतून कळलं, कारण सगळे गोठ्यात म्हणून ओटा रिकामा होता. याडीचा गुडघा धरला ते खोलीतून कळलं. माझ्या बाबांना डोळ्याचं ऑपरेशन झाल्यावर आतल्या खोलीत झोपवलं होतं, ते मी दार बंद आहे म्हणून सांगितलं तर तू लगेच विचारलंस, "काहून बंद? कोनाले बरं नाई?" आणि संध्याकाळी मोटरसायकलने हजर. रोज माझ्या घरात काय चाललंय ते नेमकं विचारणारा माणूस जगात तू एकटाच होतास. बायको नसलेल्या माझ्यासारख्या माणसाला हे काय होतं, ते मी तुला कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू चार दिवस माझी टर उडवली असतीस.

आता आपलं भांडण. ते तू अर्धवट टाकून गेलास आणि यात जिंकणार मी होतो, हे लक्षात ठेव.

ही मशीन सुरू झाली की आधी थोडा वेळ रमतगमत चालते. चालता चालता बघते की प्रोग्रामचा कोणता भाग वारंवार लागतो, आणि मग तेवढा भाग वेगवान करून घेते. त्यामुळे तोच प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवून मोजताना सुरुवातीच्या फेऱ्या हळू येतात, मग ती सुसाट सुटते. माझं म्हणणं, त्या सुरुवातीच्या फेऱ्या वगळा. सगळं जग वगळतं. मी तुला शेतातला पंप सांगितला. पंप सुरू केला की पहिलं पाणी गढूळ येतं, त्यावरून कोणी विहिरीची परीक्षा करतं का? तू म्हणालास, "पन कपाशीले तेच पानी जाते ना बे! झाड थांबते काय, साफ पानी येऊ दे म्हनून?"

तुझं खरं म्हणणं असं होतं की आपली भाषा वापरणारे लोक म्हणजे कोण? कुठल्या तरी शाळेतली जुनी मशिनं, एखाद्या दुकानातला संगणक. ते प्रोग्राम सुरू करतात, काम करतात, बंद करतात. त्यांच्या नशिबी फक्त पहिल्याच फेऱ्या. "तू ज्या फेकून राह्यला ना मन्या, त्याच त्यांच्या आहेत," तू म्हणायचास. मी म्हणायचो, तू भावनेत मोजतोस. तू म्हणायचास, तू मोजायलाच घाबरतोस. आपल्या प्रत्येक अहवालाखाली मी एक ओळ लिहायचो, "पहिल्या फेऱ्या वगळल्या आहेत," आणि ती ओळ वाचून तू मला हमखास फोन करायचास, फक्त शिव्या द्यायला.

म्हणूनच तुझा हा शेवटचा बदल. कोणी सांगितला नव्हता, तू आपणहून धरला होतास. मशीनने रमतगमत बसूच नये, थोडं आधी कामाला लागावं, म्हणजे गढूळ पाणी कमीच येईल. महिनाभर त्याच्या मागे होतास. वहिनी माहेरी, मारेगावकडे लग्नाला गेल्या होत्या, म्हणून तुला रोखायला कोणी नव्हतं. त्या परत आल्या आणि त्याच संध्याकाळी तू आकडे पाठवलेस. मग फोन केलास. तुझा आवाज एवढा खूश होता की मला आधी चिडच आली.

"पाह्य, लेका. पाह्य आता. पहिल्या फेऱ्याइचाही टाइम खाली आला आन् मागच्याइचाही."

"खोली सांग."

"तीच बे. कूलर खिडकीत, लाइट मेनवर, इन्व्हर्टर बंद, दार लोटलेलं, याडी ओट्यावर."

"मंग एवढं सरळ कसं आलं? दुपारच्या फेऱ्या तं नेहमी वरखाली होते तुह्याकडे."

"एकदा तरी मान्य कर ना रे बावा! मानसानं काही चांगलं केलं तं."

"उद्या सांगतो."

"उद्या सांग. पन सांग मात्र."

एवढंच. मी तुला विचारलं होतं, उल्हास. हे मी स्वतःला रोज सांगतो. मी खोली विचारली होती, आणि तू सांगितलीस, पाठ म्हटल्यासारखी, एका दमात. आपल्या सगळ्या वर्षांत आपण एकमेकांना आकडे चुकीचे दिले असतील, पण खोली कधीच नाही.

तुझ्या मातीला मी आलो होतो, पण तिथलं मला फारसं आठवत नाही. ऊन आठवतं. तांड्यातल्या बायांचं रडणं आठवतं, याडी तुझ्याशी तुमच्या बंजारा गोरबोलीत बोलत होती ते आठवतं. मला त्यातलं फक्त छोरा कळलं. मी कोरडाच परत आलो. त्यानंतर केतकी मॅडमचा फोन आला. बाई रडत होत्या. म्हणाल्या, "मनोज, त्याचा तो शेवटचा बदल आपण या रिलीजमध्ये घेऊ या. त्याच्या नावाने. आकडे तर त्याने दिलेच आहेत. तू फक्त हो म्हण, नियमाप्रमाणे तुझं हो लागेल." सगळ्यांची तीच इच्छा होती. माझीही होती रे. तुझं नाव घेऊन ती मशीन शाळाशाळांतून पळेल, याहून चांगलं काय? मी हो लिहायला बसलो आणि हात पुढे जाईना. ते आकडे फारच सरळ होते. तुझ्या खोलीतून मे महिन्याच्या दुपारी इतके सरळ आकडे येत नाहीत, हे तुझ्यानंतर जगात फक्त मला माहीत होतं.

म्हणून परवा मी तांड्यावर आलो. म्हटलं, त्याच मशीनवर, त्याच खोलीत एकदा मोजतो, मनातला किडा काढून टाकतो आणि हो म्हणतो.

खोलीत पाऊल टाकलं आणि मी दारातच थांबलो. कूलर खिडकीत नव्हता.

तो तुझ्या टेबलाला लागून होता. तुझ्या खुर्चीच्या डाव्या हाताला, वारं सरळ अंगावर येईल असा, आणि संगणक त्या वाऱ्यात आलेला. मला वाटलं, पाहुण्यांच्या गर्दीत कोणी सरकवला असेल. मी वहिनींना हाक मारली. त्या आल्या, डोळे सुजलेले, डोक्यावर पदर.

"वहिनी, कूलर कोनं हलवला हा?"

"त्याइनंच. मी माह्यरून आली तं इथंच होता. म्या म्हनलं, खिडकीतला कायले काहाडला? तं म्हने, मशीन तापून राह्यलं."

"मशीन?"

"हाओ. मशीनसाठीच म्हने. मले तं राग आला होता, अर्ध्या घराले हवाच नाई येत म्हनून."

"मले त्यानं फोनवर सांगतलं, कूलर खिडकीत हाये."

वहिनी कूलरकडे पाहायला लागल्या, मीही पाहायला लागलो. याडी ओट्यावरून आत आली. तिने आमचं ऐकलं होतं. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "घाम येऊन राह्यला होता त्याले. सुनीता नव्हती ना, तवापासून. बनियन वल्ली होऊन जाये. म्या म्हनलं दवाखान्यात चाल, तं म्हने याडी, मे महिना हाये, साऱ्याइलेच घाम येते. मंग लोटत लोटत आनला त्यानं कूलर. आन् लोटल्यावर खालीच बसला, लय वेळ."

उल्हास, मी भिंतीला टेकून बसलो. ते सरळ आलेले आकडे माझ्या डोळ्यांसमोर आले. एका दिवसापासून ते सरळ व्हायला लागले होते. तू कूलर ओढलास तो दिवस. मशीन पळत नव्हती, तुला घाम फुटला होता. तुझी छाती भरून येत होती आणि ते इथे पडद्यावर माझ्यासमोर सुधारणा म्हणून दिसत होतं, आणि मी त्यावर तुझ्याशी भांडत होतो.

वहिनींना तू सांगितलंस की मशीनसाठी. मला सांगितलंस की खिडकीत. एकीला कूलर हललेला माहीत होता पण का ते नाही. दुसऱ्याला सांगितलं असतं तर त्याने का विचारलंच असतं, म्हणून त्याला कूलर हललेलाच सांगितला नाही. किती व्यवस्थित केलंस रे! दुसऱ्याच्या आकड्यातली खोट शोधण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला बरोबर ठाऊक होतं की कोणाला काय सांगायचं नाही. मला एकच सांग, फोनवर ती खोली म्हणताना तू विसरून बोललास की जाणूनबुजून? आकडे खोटे आहेत हे तुला कळत होतं का? तुला, ज्याने याडीच्या गवताची गोष्ट पुण्याच्या प्रत्येक नव्या पोराला ऐकवली? की तुला ते इतके हवे होते, की एकदा, फक्त एकदाच, तू स्वतःला खोली विचारली नाहीस? हे मला कधीच कळणार नाही. आणि "कूलर हलवला बे, घाम येऊन राह्यला" एवढं म्हणाला असतास, तर मी दुसरं काहीही न बोलता गाडी काढली असती. बाभुळगावहून तुझ्या दारात यायला किती वेळ लागतो ते तुला ठाऊक होतं. यासाठी मी तुला माफ करणार नाही, निदान आत्ता तरी नाही.

मग वहिनींनीच विचारलं, "मंग त्याइचं ते काम? फोनवर तं झालं म्हने. जेवताना लय खूश होते."

"मोजावं लागन वहिनी."

त्यांनी पदर खोचला, कूलरच्या एका बाजूला उभ्या राहिल्या, दुसऱ्या बाजूला मी. दोघांनी मिळून तो लोटत खिडकीत नेला, त्याच्या जुन्या खुणांवर बसवला. किती जड आहे रे तो! पाण्याने भरलेला, आणि तू एकट्याने लोटलास, तसल्या अवस्थेत. वहिनींच्याही तेच मनात आलं असावं, कारण त्या कूलरवरचा हात काढेनात.

मग मी तुझ्या खुर्चीत बसलो. या वेळी पुस्तकातल्यासारखं मोजलं, थोडीच मोजणी, पण जुनं, नवं, जुनं, नवं, आलटूनपालटून. लाइटनेही त्या दिवशी दया केली. मी एक गोष्ट वेगळी केली. पहिल्या फेऱ्या वगळल्या नाहीत. तुझ्या पद्धतीने, गढूळ पाण्यासकट सगळं धरलं. मनातून देवाला म्हणत होतो की थोडा तरी फरक येऊ दे. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच एखाद्या आकड्यासाठी देवाला काही म्हटलं असेल.

काहीच फरक नव्हता, उल्हास. पहिल्या फेऱ्यांतही नाही, मागच्याही नाही. मी परत केलं. नाहीच.

वहिनी दारात होत्या. माझ्या तोंडाकडे बघूनच त्यांना कळलं असेल, तरी त्यांनी विचारलं, "झालं?"

"नाई झालं वहिनी. कूलरमुळे दिसून राह्यलं होतं." मी पुढे म्हणालो, "पुन्याच्या मॅडम घ्याले तयार आहेत तसंच. त्याच्या नावानं. मी हो म्हनलं तं होऊन जाईन. कोनाचं काही नुकसान नाई होत."

"तुमी हो म्हनलं असतं, तं त्याइले चाललं असतं?"

"शिव्या देल्या असत्या मले."

"मंग नका म्हनू," वहिनी म्हणाल्या. "मशीनचं नाव करून एक खोटं ते बोलून गेले माह्याशी. आता त्याइच्या नावानं दुसरं नको."

याडीने चहा ठेवला. आम्ही तिघांनी तो तुझ्या खोलीत बसून प्यायला. खिडकीतून गार वारं सगळीकडे सारखं येत होतं. वहिनींनी मला विचारलं की ही मशीन पुढेमागे जोरात पळेल का. मी म्हणालो, कल्पना चांगली आहे त्याची, वाट दुसरी शोधावी लागेल, मी शोधतो. हे मी त्यांचं मन राखायला नाही म्हणालो. तू धरलेला धागा खरा आहे असं मला त्या खुर्चीत बसल्यावर पहिल्यांदा वाटलं. ज्यांच्या वाट्याला फक्त सुरुवातच येते, त्यांची सुरुवात कोणी का फेकून द्यावी? तुझीही सुरुवातच होती की.

तिथूनच मी मॅडमना कळवलं. तुला दाखवतो काय लिहिलं ते, नेहमीसारखं. चूक असेल तर सांग.

उल्हासच्या बदलाने वेगात फरक पडत नाही. घेऊ नये. आधी पाठवलेले आकडे रद्द समजावेत.

खोली: कूलर खिडकीत. लाइट मेनवर. इन्व्हर्टर बंद. दार लोटलेलं. याडी आत, पंखा बंद. सुनीतावहिनी दारात.

पहिल्या फेऱ्या वगळलेल्या नाहीत.